पावसाळ्यात अडकणारं लाकडी पझल: घासण्याआधी काय काय तपासायचं

मी धायरीत राहते. घराच्या मागच्या खोलीत स्क्रोल सॉवर (बारीक पातं वरखाली चालणारी विजेची करवत) लाकडी पझल कापते आणि विकते. सगळ्यात जास्त मागणी महाराष्ट्राच्या नकाशाला असते: ३६ जिल्ह्यांचे सागवानी तुकडे, खाली प्लायचा तळ, भोवती त्याच सागाची चौकट. जून उलटला की फोन सुरू होतात. कोथरूडच्या एका आजींनी विचारलं होतं, "अगं, पुणे निघतच नाहीये. उलथन्याने उचकटू का?"

उचकटू नका, आणि घासूही नका. पहिली तीन वर्षं मी नेमकं तेच करत होते. पझल परत मागवायचं, घट्ट तुकडे पॉलिश पेपरवर घासायचे, पाठवून द्यायचं. होळीच्या सुमारास तीच पझलं पुन्हा दारात, आणि आता तक्रार उलटी: तुकडे खुळखुळतात, ट्रे उभा धरला की नाशिक गळून पडतं. घासून गेलेलं लाकूड परत आणता येत नाही. त्यामुळे आता पॉलिश पेपर सगळ्यात शेवटी हातात घेते, आणि बहुतेक वेळा तो लागतच नाही.

आधी लक्षणं बघा

"घट्ट आहे" एवढ्यावर काहीच कळत नाही. कुठे, कोणत्या दिशेने आणि कधीपासून घट्ट आहे, ते बघावं लागतं.

– एप्रिल-मेमध्ये ठीक होतं, जुलैत अडकलं, आणि घट्टपणा एकाच दिशेने आहे: लाकूड फुगलंय.
– सगळे तुकडे चारही बाजूंनी घट्ट, आणि रंग किंवा पॉलिश दिल्यापासूनच: कडांवर थर चढलाय.
– तुकडा वरच्या बाजूने सहज निघतो, पण उलट बाजूने ढकलला तर अडतो: काप तिरका गेलाय.
– सरळ कडा मोकळ्या, पण वळणावर किंवा खुंटीच्या (शेजारच्या तुकड्यात अडकणाऱ्या टोकाच्या) डोक्याशी घट्ट: कापताना पातं मधोमध वाकलंय.
– कापल्या दिवसापासून घट्ट आणि कडेला कुसळं: कुसळं खाली असतील तर पातं बोथट आहे, वर असतील तर उलटं लागलंय.

एकाच पझलमध्ये यातली दोन लक्षणं अनेकदा एकत्र सापडतात. काप थोडा तिरका असतो, उन्हाळाभर खपून जातो, आणि लाकूड जरा फुगलं की उघडा पडतो. म्हणून पहिलं कारण सापडलं तरी पुढच्या तपासण्या सोडू नका.

बिनखर्चाची तपासणी: महिना आणि रेषेची दिशा

मी प्रत्येक ट्रेखाली पेन्सिलीने कापल्याचा महिना लिहिते. हे कराच. एप्रिलमध्ये कापलेलं पझल जुलैत घट्ट झालं तर मशीनकडे वळायच्या आधी हवेकडे बघायला हवं. ऑगस्टमध्ये कापलेलं ऑगस्टमध्येच घट्ट असेल, तर हवेला दोष देण्यात अर्थ नाही.

आता दिशा. लाकूड रेषेच्या, म्हणजे तंतूंच्या, लांबीत जवळजवळ फुगत नाही, आडव्या दिशेत फुगतं. सागासारखं शांत समजलं जाणारं लाकूडसुद्धा पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत वाढीच्या वर्तुळांच्या कडेने साधारण ६ टक्के आखडतं, आणि गाभ्याकडून सालीकडे अडीच टक्के. हिशोबाला सोपं करायचं तर लाकडातला ओलावा १ टक्क्याने वाढला की सागाची फळी रुंदीत फार तर ०.२ टक्के वाढते.

माझ्या नकाशात रेषा पूर्व-पश्चिम जाते. म्हणजे फुगणं होतं उत्तर-दक्षिण. धुळे, नाशिक, अहिल्यानगर, पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर अशी सात तुकड्यांची उभी रांग ३०० मिलीमीटरची आहे. माझ्याकडच्या ओलावा मोजायच्या मीटरवर तीच फळी एप्रिलमध्ये ८ दाखवते आणि ऑगस्टमध्ये १३. पाच टक्क्यांचा फरक म्हणजे रुंदीत १ टक्का, म्हणजे ३ मिलीमीटर. या रांगेत चौकटीशी होणारे दोन धरून आठ काप आहेत. एका कापात पातं साधारण ०.४५ मिलीमीटर लाकूड खातं, म्हणजे एकूण मोकळी जागा ३.६. त्यातून सोळा कडांवरच्या पॉलिशचा थर वजा करा, प्रत्येकी ०.०५ धरला तरी ०.८ गेले. उरले २.८. लाकडाला हवेत ३. पुणे निघत नाही ते यामुळे.

तुम्ही म्हणाल, चौकटही सागाचीच आहे, मग तीही फुगेल की. मीही बरेच दिवस हेच म्हणत होते. पण चौकट प्लायच्या तळाला सरसाने चिकटवलेली असते. प्लायचे थर एकमेकांना आडवे असल्यामुळे तो जवळजवळ हलत नाही आणि चौकटीलाही हलू देत नाही. तुकडे मात्र मोकळे असतात, ते फुगतात. आतलं वाढतं, बाहेरचं वाढत नाही.

त्यामुळे तपासणी अशी करा: एकच तुकडा घ्या, व्हर्नियरने रेषेच्या लांबीत आणि आडवा असा दोन्हीकडून मोजा, आणि कागदी साच्याशी ताडून बघा. आडव्यातच वाढ दिसली तर निदान झालं. आजींच्या पझलमध्ये पुणे-सातारा आणि पुणे-अहिल्यानगर या सीमा गच्च होत्या, रायगडाच्या बाजूला कागद सहज सरकत होता.

खात्री करायला पझल एका मोठ्या झाकणबंद डब्यात सिलिका जेलबरोबर चार-पाच दिवस ठेवा. निळे दाणे घेऊ नका, त्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं आणि खेळण्याजवळ ते नकोच. नारिंगी दाणे मिळतात. डब्यातून काढल्यावर तुकडे सुटले तर काहीही कापायची, घासायची गरज नाही. गिऱ्हाइकाला हेच समजावून सांगा. उन्हात मात्र कधीच ठेवू नका. एक बाजू आधी सुकते, तुकडा वाटीसारखा वाकतो, आणि तो परत सरळ होईलच असं नाही.

अडकलेला तुकडा काढायचा कसा? टॉवेलची घडी घालून त्यावर ट्रे पालथा ठेवा आणि तळाला तळव्याने थोपटा. एक तुकडा पडला की बाकीचे मोकळे होतात. स्क्रूड्रायव्हर घातलात तर कड चेपेल, आणि चेपलेली कड कायमची दिसते.

पेन्सिल आणि मेणबत्ती

हवा कारण नसेल, किंवा वाळवूनही एखाद-दुसरा तुकडा अडत असेल, तर तो नेमका कुठे टेकतोय ते शोधा. तुकड्याच्या पूर्ण कडेला मऊ पेन्सिल, ६बी असेल तर उत्तम, घासा. तुकडा जागेवर बसवा, काढा. जिथे टेकतोय तिथे समोरच्या कडेवर काळा चकचकीत डाग उमटलेला असतो. डाग वरच्या अर्ध्यात आहे, खालच्या अर्ध्यात आहे की मधोमध, हे नीट बघून ठेवा. वर किंवा खाली असेल तर काप तिरका, मधोमध पोट असेल तर पात्याचा ताण कमी. पुढच्या सगळ्या तपासण्यांची दिशा हा डाग ठरवतो, आणि याला खर्च एका पेन्सिलीचा.

डाग अगदी पुसट असेल तर नुसतं घर्षण आहे. कडेला साधी पांढरी मेणबत्ती घासा, जुन्या फडक्याने पुसा. अनेकदा एवढ्यावर काम भागतं. पण पॉलिश किंवा रंग द्यायचा राहिला असेल तर मेण आधी लावू नका, त्यावर रंग धरत नाही.

रंगाचा थर

कडेला नख लावून बघा. खोबणीच्या कोपऱ्यात रंग साचून गोळा झालेला असतो आणि नुसत्या डोळ्यांनी तो दिसत नाही. पाण्याच्या रंगाने आणखी एक गोष्ट होते: लाकडाचे तंतू उभे राहतात आणि कड खरखरीत होते. असं असेल तर फक्त थर काढायचा आहे, लाकूड नाही. ३२० नंबरचा पॉलिश पेपर आइस्क्रीमच्या काडीला चिकटवा आणि दोन-तीन हलके हात मारा. लाकडाचा रंग दिसला की थांबा.

पुढच्या वेळेसाठी सांगते, मी आता फक्त वरची बाजू रंगवते आणि कडांना तेलाचा एकच पातळ हात देऊन लगेच पुसून घेते. तेल आत मुरतं, त्याचा थर उभा राहत नाही.

आणि दुरुस्ती करताना घरात पडलेला कुठला तरी तैलरंग तुकड्याला लावू नका. मूल तो तुकडा तोंडात घालणार आहे. आधी जो सुरक्षित रंग वापरला होता तोच लावा.

पातं बदला

इथून पुढे दोष मशीनकडे सरकतो, म्हणजे पुढच्या पझलची काळजी. पातं ही मशीनमधली सगळ्यात स्वस्त वस्तू आहे आणि लोक तिथेच काटकसर करतात. सागात एक पातं मला वीसेक मिनिटं नीट साथ देतं. प्लायमध्ये त्याहून कमी, कारण थरांमधला सरस दात लवकर मारतो. पातं बोथट झाल्याची खूण म्हणजे तुम्ही नकळत फळी ढकलायला लागता. ढकललं की पातं मागे आणि बाजूला वाकतं, कापाला पोट येतं.

दात खालच्या दिशेने आहेत ना, ते बोट हलकेच वरून खाली आणि खालून वर फिरवून बघा (मशीनचा प्लग काढून). उलटं लागलेलं पातं फळी उचलतं, आपटतं आणि वरची कड फाडतं. हे माझ्याकडून घाईच्या दिवसांत एकदा नाही, अनेकदा झालं आहे.

नंबरही बघा. ५ नंबरचं पातं साधारण ०.३८ मिलीमीटर जाड असतं, २ नंबरचं त्याहून बरंच पातळ. बारीक पात्याचा काप सुबक दिसतो आणि प्रदर्शनात लोक हात फिरवून कौतुक करतात, पण उन्हाळ्यात २ नंबरने कापलेलं सागवानी ट्रे-पझल पुण्याच्या पावसाळ्यात अडकणारच. मार्च ते मे या काळात मी ५ च्या खाली जात नाही.

ताण

पातं बसवल्यावर मागच्या बाजूने बोटाने छेडा. चांगल्या ताणाचं पातं एकतारीसारखं वरच्या पट्टीत स्पष्ट वाजतं. बद्द आवाज आला तर ताण कमी आहे. दुसरी खूण: बोटाने बाजूला दाबलं तर ते एक-दोन मिलीमीटरपेक्षा जास्त हलू नये. पेन्सिलीचा डाग मधोमध आला असेल तर नव्वद टक्के वेळा इथेच उत्तर असतं. पंधरा-वीस मिनिटं कापल्यावर पातं तापून थोडं लांबतं आणि ताण उतरतो, तेव्हा मधेच पुन्हा छेडून बघा.

टेबल काटकोनात आहे का

टेबलखालच्या मापपट्टीवर शून्य दिसतंय यावर विश्वास ठेवू नका. ती पट्टी पातळ पत्र्याची असते आणि मशीन उचलून ठेवताना टेबल हलतं. लहान गुण्या पात्याला लावून बघा. गुण्या नसेल तर त्याहून बारीक परीक्षा फुकट होते, आणि मी तीच जास्त मानते.

साधारण ४० मिलीमीटर जाडीचा लाकडाचा ठोकळा घ्या. त्याच्या कडेला पात्याने एक-दोन मिलीमीटरची खाच पाडा आणि मशीन बंद करा. आता ठोकळा न उलटता टेबलवरच अर्धा फिरवा आणि ती खाच पात्याच्या मागच्या बाजूला नेऊन लावा. टेबल काटकोनात असेल तर पातं वरपासून खालपर्यंत खाचेत अलगद बसतं. नसेल तर वर किंवा खाली अडतं. फिरवल्यामुळे चूक दुप्पट होऊन दिसते, म्हणून गुण्याला न दिसणारा तिरकेपणाही इथे पकडला जातो. टेबल जरा सैल करा, हलवा, पुन्हा खाच पाडा. तीन-चार वेळा करावं लागतं.

हे महत्त्वाचं का? १८ मिलीमीटर जाडीच्या फळीत फक्त १ अंशाचा तिरकेपणा असला तरी वरच्या आणि खालच्या कडेत ०.३ मिलीमीटरचा फरक पडतो. पातं स्वतः ०.४५ ची वाट करतं. म्हणजे दोन-तृतीयांश मोकळीक एका अंशाने खाल्ली.

आपला हात

टेबल बरोबर, पातं नवं, ताण नीट, तरी काप तिरका. मग दोष हाताचा आहे, आणि हे मान्य करायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. पत्र्यातून ठोकून काढलेल्या पात्यांना एका बाजूला बारीक धार राहते, त्यामुळे पातं स्वतःहून एका बाजूला ओढ घेतं, बहुतेक वेळा उजवीकडे. आपण रेघ सोडू नये म्हणून फळी बाजूने दाबतो. पातं वाकतं आणि काप तिरका होतो. उपाय म्हणजे फळी समोरून सरळ न देता किंचित तिरकी धरून द्यायची. रद्दी फळीवर एक सरळ रेघ कापून आपल्या पात्याची ओढ किती आहे ते आधी बघून घ्या. वळणावर घाई करू नका. फळी फिरवा, पण फिरवताना बाजूने दाबू नका.

लाकूडच ओलं असेल तर

वरचं सगळं ठीक असूनही दर खेपेला तक्रार येत असेल तर मूळ लाकडात आहे. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये फळी घेताना "मुरलेलं आहे का?" असं विचारलं की उत्तर नेहमी होच येतं. मीटर बरोबर न्या, आणि फळीच्या टोकाला नाही, मधोमध लावा. टोक आधी सुकतं. १२ च्या वर असेल तर मी घेते, पण घरात पट्ट्या घालून थर लावून महिना-दोन महिने तशीच ठेवते. मीटर नसेल तर फळीचा एक तुकडा किचनच्या काट्यावर आठवड्याला तोला. सलग दोन आठवडे वजन तेच आलं की फळी तुमच्या घरातल्या हवेशी जुळली.

ट्रेच्या पझलसाठी आता मी दोन बदल केले आहेत. उन्हाळ्यात कापायच्या नकाशाला उत्तर आणि दक्षिण टोकाला चौकटीपासून दीड-दीड मिलीमीटर जास्त जागा सोडते. आणि शाळांच्या मोठ्या ऑर्डरी सागात घेतच नाही, बर्च प्लायमध्ये करते. वर्गात पझल रोज पन्नास हात लावतात, तिथे हवामानाचा हिशोब समजावत बसता येत नाही.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

मशीनच्या लोखंडी भागाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, जळका वास आला किंवा मोटर गुणगुणते पण फिरत नाही: प्लग काढा आणि काहीही उघडू नका. आधी घरातलं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, मग मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे न्या. पावसाळ्यात ओल्या फरशीवर चप्पल न घालता मशीन चालवणं हा जिवाशी खेळ आहे.

मशीनचा वरचा हात (पातं धरणारा दांडा) धरून आडवा हलवला आणि त्याला खेळ जाणवला, तर बेअरिंग किंवा बुश गेलंय. नवं पातं, नवा ताण याने ते झाकलं जाणार नाही. हे काम मशीन दुरुस्त करणाऱ्याचं आहे. मी एकदा स्वतः खोललं, आणि बसवताना दोन्ही हात एका रेषेत आले नाहीत. त्यानंतर ते मशीन महिनाभर बंद राहिलं.

चौकट आतून वाढवायची असेल तर ओळखीच्या सुताराला द्या. लाकूड कोरणाऱ्या राउटर मशीनचं काम आहे, हाताने पटाशी मारत बसलात तर प्लायचा वरचा थर उचकटतो.

आणि एक तुकड्याबद्दल. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांत ३१.७ मिलीमीटर व्यासाच्या ठरावीक नळकांड्यात पूर्ण मावेल असा एकही भाग चालत नाही. मुंबई शहराचा तुकडा माझ्या नकाशात यात बसतो, म्हणून त्या वयासाठी मी तो उपनगराला जोडूनच कापते. घट्ट तुकडा घासताना अरुंद मान पातळ झाली आणि मोडली, तर नवा छोटा तुकडा तयार होतो. अशी मान दिसली की दुरुस्ती सोडा, तुकडा नव्याने कापा. १४ वर्षांखालच्या मुलांसाठी खेळणं म्हणून विकायला १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह लागतं. विकास आयुक्त, हस्तकला यांच्याकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी बनवून विकलेल्या वस्तूंना त्यातून सूट आहे. आपण कशात बसतो हे भारतीय मानक ब्युरोच्या कार्यालयात विचारून घ्या. ते ठरवणं ना सुताराचं काम, ना माझं.

कोथरूडच्या आजींचं पझल मी घासलं नाही. पाच दिवस डब्यात ठेवलं, कडांना मेण लावलं, आणि ट्रेच्या तळाला पुण्याच्या बरोबर खाली बोट जाईल असं भोक पाडून दिलं. नातवाला आता वर्षभर ते भोकच जास्त आवडतंय, पण आतून ढकललं की पुणे वर येतं.